जैतुनाचे तेल आणि राजस्थानची थंडी

मोहरी, तीळ, करडई, भुईमूग यांची तेले आपल्या परिचयाची आहेत. ती सर्व बियांतून निघतात. बी ही वनस्पतीने आपल्या संततीसाठी बांधून ठेवलेली शिदोरी होय. ती कोरडी असल्यामुळे पोत्यांत महिनोन्‌महिने टिकते व सवडीने घाण्यात घालता येते. अक्रोड, बदाम किंवा हिमाचलातील जर्दाळूच्या आठळीतील बी यांचेही असेच. जयपूरजवळ ढंड येथे लावलेल्या होहोबाचे बीही टिकाऊ असते. मात्र त्यातून निघणारा पदार्थ खरे तेल नसून द्रवरूप मेण आहे.

जैतून, म्हणजेच ऑलिव्ह, याची तऱ्हा निराळी. त्याचे बहुतेक तेल बियांत नसून फळाच्या ओल्या गरात असते. फळ तोडल्यावर, विशेषतः ते चेचले गेल्यास, गरातील वितंचके तेलाचे विघटन करू लागतात व मेदाम्ले सुटी होतात. उत्तम प्रतीच्या तेलात अशा सुट्या अम्लांचे प्रमाण शेकडा ०.८ हून अधिक चालत नाही. म्हणून फळ उतरविल्यापासून शक्य तो एका दिवसात गाळावे लागते. प्रथम ते धुऊन आठळीसकट दळतात. हा लगदा अर्धा-पाऊण तास मंद गतीने ढवळला म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांस मिळून मोठे होतात. या वेळी तापमान २७ अंश सेल्सियसच्या वर जाऊ दिले नाही, तर सुवास टिकतो. नंतर केंद्रोत्सारक यंत्रात चोथा, पाणी व तेल वेगळे होतात. १०० किलो फळांतून साधारणतः १५ ते २० किलो तेल मिळते; तेवढ्याच मोहरीत ते ३५ ते ४० किलो असते.

भूमध्य समुद्राकाठचा हा वृक्ष राजस्थानात कसा आला? २००७ साली राजस्थान राज्य कृषी पणन मंडळ, पुण्याची फिनोलेक्स प्लासन व इस्रायलची इंडोलिव्ह यांनी मिळून एक कंपनी स्थापन केली. पुढील वर्षी इस्रायलहून एक लाखाहून अधिक रोपे आली. बार्निया, अर्बेक्विना, कोरोनिकी इत्यादी जाती जयपूर जिल्ह्यातील बस्सी, बीकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर व अन्य काही ठिकाणच्या सरकारी शेतांत ठिबक सिंचनावर लावण्यात आल्या.

वाळवंट कोरडे व तप्त, म्हणून ते या झाडास मानवेल, असे सहज वाटते. परंतु खरी परीक्षा उन्हाळ्याची नाही, हिवाळ्याची आहे. पानांच्या बेचक्यांतील कळ्यांना कित्येक आठवडे थंडी मिळाली, तरच वसंतात त्यांतून मोहर येतो. थंडी अपुरी पडली, तर झाड हिरवेगार वाढते आणि वांझ राहते. शिवाय परागण मुख्यतः वाऱ्यावर अवलंबून असते. मोहराच्या वेळीच उष्ण, कोरडे वारे सुटले की फळधारणा बिघडते. उत्तरेकडील बीकानेर व श्रीगंगानगर भागांत हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच थंड असतात, ही जमेची बाजू होय. तरीही सर्वच बागांत सारखे फळ धरले नाही. ज्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीत ही रोपे लावली, त्याला पहिल्या फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. एखादा उबदार हिवाळा त्या प्रतीक्षेत आणखी एका वर्षाची भर घालतो.

पानांस मात्र मोहराची गरज नाही. फळाला कडवटपणा देणारे ऑलियुरोपिन पानांतही असते, आणि राजस्थानात त्या पानांचा चहा करण्याचा उद्योगही उभा राहिला आहे.

तेलाचा कारखाना २०१४ साली लूणकरणसर येथे सुरू झाला व तेथील तेल 'राज ऑलिव्ह' या नावाने विक्रीस आले. बस्सीपासून हे ठिकाण रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. मोहरीचा शेतकरी भाव चढेपर्यंत माल घरात ठेवू शकतो. जैतुनाच्या बागाईतदारास तेवढी उसंत नसते. त्याचे फळ वाटेतच बिघडू लागते.