बांधीत थांबलेला ट्रॅक्टर: डिझेल फिल्टर बदलणे आणि हवा काढणे

मागच्या वेळी आपण बॅटरीवर बोललो. तेव्हा उठता उठता एका शेतकरी भावाने विचारलं होतं, "बॅटरी चांगली आहे, टाकीत डिझेल आहे, तरी ट्रॅक्टर सुरू होत नाही. मंग काऊन जी?" आज आम्ही त्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहोत.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. जुलै लागला की परहे तयार होतात, बांधीत पाणी साचतं आणि सगळीकडे एकदमच चिखलणी सुरू होते. रोवणीच्या बाया सकाळीच धुऱ्यावर येऊन उभ्या राहतात. चिखल झाल्याशिवाय त्यांना काम नाही, आणि मजुरी तर द्यावीच लागते. अशा वेळी ट्रॅक्टर दोन तास थांबला तर तो नुसता ट्रॅक्टर थांबत नाही, अख्खा दिवस थांबतो.

आम्हाला असाच एक निरोप आला होता. टाकीत डिझेल कमी होतं. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात खोल गेलं, ट्रॅक्टर कलला, आणि टाकीतलं उरलेलं डिझेल एका बाजूला गेलं. पाइपाचं तोंड उघडं पडलं. इंजिन दोनदा हुंदकलं आणि बंद झालं. मालकाने धावत जाऊन कॅन आणला, दहा लिटर डिझेल टाकलं आणि सेल्फ मारायला सुरुवात केली. आम्ही पोहोचलो तोवर बॅटरी पार बसली होती. त्यांचं म्हणणं एकच, "डिझेल तर टाकलं ना!" डिझेल टाकलं हे खरं. पण आत गेलेली हवा कोणी काढली नव्हती.

आता हवेचं काय एवढं? विहिरीवरचा मोटरपंप आठवा. फुटव्हॉल्व्ह गळला की पाइपात हवा भरते. मग मोटर कितीही फिरवा, पाणी चढत नाही. वरून पाणी भरावं लागतं, हवा बाहेर काढावी लागते, तेव्हा धार लागते. डिझेलच्या यंत्रणेचंही तसंच आहे, फक्त इथे दाब फार मोठा आहे.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि त्या तापलेल्या हवेत नोजल डिझेलचा बारीक फवारा सोडतो. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरात नोजल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास दोनशे पट. डिझेल द्रव आहे, ते जवळजवळ दबत नाही. पंपाने इकडून ढकललं की तिकडे नोजल उघडतो. पण मध्ये हवेचा बुडबुडा असला तर पंपाची सगळी ताकद तो बुडबुडा दाबण्यातच जाते. बुडबुडा दबतो, परत फुगतो, पुन्हा दबतो. नोजल उघडतच नाही. म्हणून सेल्फ मारून बॅटरी संपते, पण हवा निघत नाही.

यात एक गंमत आहे. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वी झालं, तेव्हा इंधन आत फवारायला दाबलेली हवाच वापरत होते. पुढे १९२७ मध्ये बॉश कंपनीने डिझेल थेट ढकलणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि हवेची गरज संपली. तेव्हापासून जी हवा मदतनीस होती तीच नडायला लागली. तुम्ही पंपावर 'मायको' हे नाव वाचलं असेल. ती कंपनी १९५१ मध्ये बंगळुरूला सुरू झाली आणि २००८ पासून तिचं नाव बॉश आहे.

आता फिल्टर. पंपाच्या आत दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा तिथे कानशीसारखी घासते. त्यात पाणी गेलं तर गंज. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन खाली जमते. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलचंही तेच. फिल्टर ही घाण आणि बरंचसं पाणी अडवतो. कोणी सांगेल, "फिल्टर काढा आणि डायरेक्ट पाइप जोडा, काम चालून जाते." काम चालतं, पण पंप जातो. एका फिल्टरची किंमत वाचवायला पंपाचा खर्च अंगावर घेऊ नका.

तर रीत बघू. हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. नव्या गाड्यांचं शेवटी सांगतो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला, इंजिन थंड. जवळ बिडी-काडी नको. टाकी निदान अर्धी भरून घ्या आणि टाकीचा कॉक बंद करा. फिल्टर उघडायच्या आधी बाहेरचा चिखल धुऊन-पुसून काढा. सगळ्यांत जास्त घाण आत जाते ती याच वेळी, आपल्याच हाताने.

खाली टिनाचा डबा ठेवा आणि फिल्टरचा खालचा स्क्रू उघडा. निघालेलं डिझेल काचेच्या बरणीत घेऊन पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. पाणी दिसलं की नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीचा तळही रिकामा करावा लागेल. आणि हे डिझेल बांधीत ओतू नका. थोडंसंही पाण्यावर तवंग होऊन पसरतं.

मग मधला बोल्ट सोडा, वाटी आणि जुना फिल्टर काढा. इथे आमची स्वतःची एक चूक सांगतो. शिकत होतो तेव्हा आम्ही नवा फिल्टर बसवला, ट्रॅक्टर सुरू झाला, मालक खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच होईना. हवा काढली, सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी उघडून बघितलं तर जुनी रबरी रिंग वरच्या हेडला चिकटून राहिलेली, आणि आम्ही तिच्यावरच नवी बसवलेली. चालू असताना तिथे जरासं ओलं व्हायचं, आणि रात्रभर उभा राहिला की डिझेल मागे सरकून त्या फटीतून हवा आत यायची. तेव्हापासून आम्ही जुन्या रिंगा मोजून बाजूला ठेवतो. जितक्या निघाल्या तितक्याच नव्या बसल्या पाहिजेत.

वाटी स्वच्छ डिझेलने धुवा. धागे सुटणारं कापड किंवा कापसाचा बोळा वापरू नका. नव्या रिंगेला डिझेलचं बोट लावा, नीट बसवा आणि बोल्ट बेताने आवळा. जास्त जोर लावला तर रिंग चिरते.

आता हवा काढायची. हवा काढताना क्रम महत्त्वाचा: टाकीकडून इंजिनाकडे, डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने. मधला टप्पा सोडला तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

कॉक उघडा. पहिल्या फिल्टरच्या हेडवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हाताचा दांडा मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांचं डिझेल, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दांडा मारणं थांबवून आवळलं तर हवा परत आत ओढली जाते. मग दुसरा फिल्टर, तसंच. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसंच. दांडा ढिला लागला, डिझेल ढकलतच नसला, तर तो मोडला असं समजू नका. आतला कॅम उचललेल्या जागी थांबलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, दांड्याला जोर येईल.

बहुतेक वेळा एवढ्यावर इंजिन लागतं. नाहीच लागलं तर नोजलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण द्या आणि सेल्फ मारा. नटापाशी बुडबुडे न येता डिझेलचे ठोके दिसले की एकेक नट आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच. मग अर्धा मिनिट दम घेऊ द्या, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळेल.

आणि एक गोष्ट अगदी मनावर घ्या. नोजलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो. वर सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत बोट सडायला लागतं. तसं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलं" असं स्पष्ट सांगा.

इंजिन लागल्यावर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. सगळे स्क्रू, नट कोरडे आहेत का बघा. घड्याळातले तास फिल्टरवरच खडूने नाही, रंगाने लिहून ठेवा. पुढचा बदल किती तासांनी, ते तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं. धुळीत आणि चिखलात काम असेल तर त्याहून थोडं आधीच करा.

आता एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: "आमच्या नव्या पिकअपला असा स्क्रू दिसत नाही, मग नोजलचे नट सोडायचे का?" नाही, भाऊ. मुळीच नाही. कॉमन रेल असलेल्या गाड्यांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि इंजिन बंद केल्यावरही काही वेळ पाइपात राहतो. तिथे पाना लावायचाच नाही. कुठे फिल्टरवर हाताने दाबायचा पंप असतो, कुठे चावी काही वेळा चालू-बंद केली की विजेचा पंप डिझेल भरून घेतो. पुस्तिकेत असेल तेवढंच करा. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले, त्यामुळे तिथेही आता बरेच ट्रॅक्टर कॉमन रेलचे आहेत. तुमचा कोणता, हे आज घरी गेल्यावर आधी बघून घ्या.

त्या दिवशी बांधीत काय झालं, ते राहिलंच. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, तीन जागी हवा काढली. वीस मिनिटांत इंजिन लागलं. सकाळपासून थांबलेल्या बाया बांधीत उतरल्या. पण अर्धा दिवस गेला तो गेलाच. एक दहाचा पाना आणि त्याची माहिती जवळ असती तर तोही वाचला असता. म्हणून म्हणतो, रोवणी लागायच्या आधी, जूनमध्येच, घरच्या पोराला सोबत घेऊन एकदा हे सगळं स्वतःच्या हाताने करून बघा. आणि चिखलणीत टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता प्रश्न विचारा.