डायटनचा कोरीव दगड आणि त्याचे खरे वारस

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर बर्कली हे छोटेसे गाव आहे. त्याच्या कडेने वाहणाऱ्या टाँटन नदीत समुद्राच्या भरती-ओहोटीचे पाणी चढते-उतरते. या नदीच्या काठी, असोनेट नेक नावाच्या भूशिरापाशी, सुमारे ४० टन वजनाचा वालुकाश्माचा एक धोंडा हिमयुगापासून उभा होता. उंची पाच फूट, रुंदी साडेनऊ फूट, लांबी अकरा फूट. भरतीच्या वेळी तो पाण्याखाली जायचा आणि ओहोटी लागली की त्याची नदीकडची उतरती बाजू उघडी पडायची. ही बाजू कोरीव खुणांनी भरून गेलेली आहे: गोल डोक्यांच्या मानवाकृती, त्रिकोण, फुल्या, एक चार पायांचा प्राणी आणि एकमेकींवरून गेलेल्या असंख्य रेघा. हा भाग पूर्वी डायटन गावात मोडत असे, म्हणून दगडाला ‘डायटन रॉक’ हे नाव पडले. १९६३ मध्ये तो पाण्यातून उचलून काठावर आणला गेला आणि आता तो एका लहानशा संग्रहालयात आहे. या खुणा कोणी कोरल्या, यावर सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला. फिनिशियन, कार्थेजवासी, व्हायकिंग, पोर्तुगीज अशी दूरदूरची नावे पुढे आली. वास्तविक उत्तर जवळच होते. ज्यांच्या गावांतून ही नदी वाहत होती, त्या वाम्पानोआग लोकांच्या पूर्वजांनीच हा दगड कोरला, असे उपलब्ध पुरावा सांगतो. तो इतकी वर्षे डावलला का गेला, हे समजून घेतल्याशिवाय या स्थळाची ओळख पूर्ण होत नाही.

कागदोपत्री या दगडाचा इतिहास १६८० मध्ये सुरू होतो. त्या वर्षी हार्वर्डमध्ये शिकलेल्या जॉन डॅनफर्थने दगडाच्या वरच्या भागातील खुणांचे चित्र काढले. १६९० मध्ये बॉस्टनचे नामांकित धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांनी त्याविषयी छापून आणले आणि पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीलाही कळवले. तेव्हापासून विद्वानांची रीघच लागली. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ यांना या रेघांत कार्थेजच्या दर्यावर्दींची भेट दिसली. १७८३ मध्ये येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी त्या फिनिशियन असल्याचे जाहीर प्रवचनात सांगितले. १८३७ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल क्रिश्चन राफ्न यांनी त्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या ठरवल्या. अखेर १९१८ मध्ये ब्राउन विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एडमंड डेलाबार यांना छायाचित्रात १५११ हा आकडा दिसला. अटलांटिकमध्ये हरवलेल्या भावाच्या शोधात निघून १५०२ मध्ये स्वतःही बेपत्ता झालेला पोर्तुगीज खलाशी मिगेल कोर्ते-रियल इथवर पोहोचला आणि आपले नाव कोरून गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

एकाच दगडावर इतके वेगवेगळे लेख कसे वाचले गेले, हे राफ्न यांच्या उदाहरणावरून नीट कळते. अमेरिकेतून त्यांच्याकडे दगडाचे रेखाचित्र गेले होते. मूळ दगड त्यांनी पाहिलेला नव्हता. चित्रातील काही खुणा त्यांनी रोमन आकडे मानल्या आणि १३१ ही संख्या वाचली. जुन्या नॉर्स रिवाजात ‘मोठे शंभर’ म्हणजे १२०, म्हणून १३१ चे १५१ झाले आणि ती संख्या आइसलँडच्या सागांमधील, म्हणजे जुन्या वीरकथांमधील, थॉर्फिन कार्ल्सेफ्नी या दर्यावर्दीच्या माणसांशी जुळवली गेली. शेजारच्या रेघांत त्याचे नावही सापडले. प्रत्येक पायरीवर एक गृहीतक, आणि पुढची पायरी त्या गृहीतकावर उभी. दगडाची चित्रे शेजारी शेजारी ठेवली की या पद्धतीचा कमकुवतपणा स्पष्ट होतो. डॅनफर्थ यांचे १६८० चे, हार्वर्डच्या स्टीफन सूअल यांचे १७६८ चे आणि जेम्स विन्थ्रॉप यांचे १७८८ चे चित्र एकमेकांशी जुळत नाही. १८५३ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात चित्रकार आणि लष्करी अधिकारी सेथ ईस्टमन या दगडावर रेलून बसलेले दिसतात. कॅमेऱ्यात रेघा उमटाव्यात म्हणून त्या आधी खडूने भरलेल्या आहेत. झिजलेल्या दगडावर कोणती रेघ मानवी आणि कोणती नैसर्गिक चीर, हा निर्णय तिथे खडू धरणाऱ्या हाताने घेतला होता. प्रत्येक वाचकाने असा आपापला खडू फिरवला आणि मग आपणच ठळक केलेले अक्षर पुरावा म्हणून दाखवले.

मग मूळ रहिवाशांच्या बाजूचा पुरावा याहून बळकट कसा? त्याचे उत्तर तुलनेत आहे. आपल्याकडे देवळाच्या आवारातला एखादा वीरगळ आपल्याला कळतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा ही रचना महाराष्ट्रभर शेकडो दगडांवर आहे, म्हणूनच एकावरून दुसरा उलगडतो. अशी सोबत डायटनच्या दगडालाही आहे. ईशान्य अमेरिकेत पाण्याकाठच्या खडकांवर कोरण्याची परंपरा जुनी आणि विस्तृत आहे. मेन राज्यात मचायसपोर्टच्या किनाऱ्यावर पासामाक्वाडी लोकांच्या पूर्वजांनी कोरलेली चित्रे आहेत, त्याच राज्यात केनेबेक नदीकाठी एम्बडेन इथे आहेत, व्हरमाँटमध्ये कनेटिकट नदीच्या बेलोज फॉल्सपाशी खडकावर चेहऱ्यांची रांग आहे. ठिकाणे तशीच, म्हणजे नदी किंवा समुद्राचे पाणी जिथे खडकाला भिडते ती. डायटनच्या दगडावरील मानवाकृती या कुटुंबात सहज बसतात. फिनिशियन किंवा पोर्तुगीज लेखांच्या कुटुंबात त्यांना जागा नाही.

हे ओळखणारे लोक त्या काळीही होते. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांना हार्वर्डमध्ये या खुणांची प्रत दाखवली गेली, तेव्हा व्हर्जिनियात आपण इंडियनांची अशीच चित्रे पाहिली आहेत, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. १८३९ मध्ये मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचे अभ्यासक हेन्री स्कूलक्राफ्ट यांनी राफ्न यांच्याच ग्रंथातील चित्र शिंगवाक या ओजिब्वे जमातीच्या जाणकारापुढे ठेवले. शिंगवाक यांनी ते आपल्या ओळखीच्या चित्रपद्धतीनुसार वाचले आणि त्यात दोन जमातींमधील लढाईची हकीकत सांगितली. ओजिब्वे आणि वाम्पानोआग प्रदेशांत फार मोठे अंतर आहे, त्यामुळे त्यांचे वाचन शब्दशः खरे मानण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, एका मूळ रहिवासी जाणकाराला ही पद्धत परकी वाटली नाही, आणि तरीही चर्चेचा ओघ युरोपकडेच वळत राहिला.

दगड मूळ रहिवाशांनीच कोरला, या मताविरुद्धचे आक्षेप टाळता येत नाहीत. पहिला आक्षेप अक्षरांचा. दगडावर काही ठिकाणी खरोखर अक्षरांसारख्या खुणा दिसतात. पण तो तीनशेहून अधिक वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताशी होता आणि अशा दगडांवर नावे कोरून जाण्याची खोड जगभर सारखीच आहे. शिवाय अमेरिकेत छापलेले पहिले संपूर्ण बायबल १६६३ मध्ये निघाले, ते याच प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या भाषेत, रोमन लिपीत. तेव्हा त्या शतकात इथे अक्षर कोरणारा हात गोऱ्या माणसाचाच असला पाहिजे, हे गृहीतही टिकत नाही. स्वतः डेलाबार यांनाही बरीच चित्रे मूळ रहिवाशांचीच वाटत होती. दुसरा आक्षेप हत्यारांचा. लोखंडाशिवाय दगड कसा कोरला? मिनेसोटातील जेफर्स इथे वालुकाश्माहून कितीतरी कठीण अशा क्वार्टझाइटवर पाच हजारांहून अधिक चित्रे आहेत आणि ती दगडाने दगड टोचूनच काढलेली आहेत.

तिसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. डॅनफर्थने एक दंतकथा नोंदवली होती: एक लाकडी घर नदीतून तरंगत आले, त्यात परदेशी माणसे होती, त्यांनी लढाई करून इथल्या प्रमुखाला मारले. लाकडी घर म्हणजे जहाज, हे उघड आहे. पण परकीयांचा प्रसंग दगडावर आहे म्हणून कोरणारेही परकीय, हा तर्क चुकीचा आहे. ॲरिझोनातील कॅनियन डी शे परिसरात स्पॅनिश घोडेस्वारांची मिरवणूक कड्यावर रंगवलेली आहे आणि ती काढणारे नाव्हाहो आहेत. आलेल्या परक्याची नोंद ठेवणे हा यजमानाच्या इतिहासलेखनाचाच भाग असतो. चौथा आक्षेप व्हायकिंगांचा: ते अमेरिकेत आले होते, हे तर सिद्ध झाले आहे. खरे आहे. कॅनडातील लॉन्सो मेडोज इथे १९६० मध्ये त्यांची वसाहत सापडली आणि तिथले लाकूड १०२१ मध्ये तोडल्याचे २०२१ मध्ये निश्चित झाले. मात्र त्या वसाहतीचा पुरावा म्हणजे घरांचे पाये, लोखंड गाळल्याचे अवशेष, जहाजाचे खिळे. माणसे राहून गेली की असा संसार मागे उरतो. डायटनच्या आसपास नॉर्स वस्तीचे असे काहीही मिळालेले नाही.

पुरावा असा असताना तो मागे का पडला, याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात सापडते. १६७५ ते १६७६ या काळात वाम्पानोआग प्रमुख मेटाकॉम, म्हणजे इंग्रजांचा ‘किंग फिलिप’, याने वसाहतींविरुद्ध युद्ध केले. तो मारला गेला, त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले आणि कित्येक कैद्यांना गुलाम म्हणून वेस्ट इंडिजला विकले गेले. पराभूतांची जमीन वसाहतवाल्यांकडे गेली. डॅनफर्थने दगडाचे चित्र काढले ते या युद्धानंतर अवघ्या चार वर्षांनी. पुढे १८३० मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसला उद्देशून सांगितले की, देशातील प्राचीन वास्तू कोणा नष्ट झालेल्या बलाढ्य वंशाच्या आहेत आणि आजच्या जमाती त्यांच्यानंतर आल्या आहेत. हा मुद्दा त्यांच्या राजकारणाला सोयीचा होता: आधीच्यांची जागा यांनी घेतली, आता यांची आम्ही घेतो. अशा वास्तूंपैकी मातीच्या विशाल टेकाडांविषयीचा हा गैरसमज पुरातत्त्वज्ञ सायरस थॉमस यांच्या १८९४ च्या अहवालाने खोडून काढला. डायटनच्या दगडाबाबत तोच विचार आणखी बराच काळ जिवंत राहिला.

यावर कोणी म्हणेल की सगळ्यांचे हेतू असे नव्हते, आणि ते बरोबरच आहे. राफ्न यांना आपल्या भाषेच्या प्राचीन साहित्याचा अभिमान होता. डायटनजवळच्या फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड परिसरात कष्टाने स्थिरावलेल्या पोर्तुगीज कुटुंबांना कोर्ते-रियलमध्ये या भूमीशी जुने नाते सापडले. नव्या देशात आपली मुळे शोधण्याची ही ओढ अमेरिकेतील मराठी माणसालाही अपरिचित नाही, आणि तिचा आदरच केला पाहिजे. पण चांगल्या हेतूने केलेला दावाही ज्याची वस्तू त्याच्या हातून काढून घेऊ शकतो. मुळे शोधताना दुसऱ्याचे झाड आपले म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

म्हणून संग्रहालयाच्या मांडणीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तिथे मूळ रहिवासी, फिनिशियन, नॉर्स आणि पोर्तुगीज असे चार सिद्धान्त शेजारी शेजारी मांडले गेले. वरकरणी हे निःपक्ष वाटते, पण असमान पुराव्याला समान जागा देणे हाही एक पक्षपातच आहे. बाकीच्या तीन मतांना तिथे स्थान असावे ते माणसांनी दगडाकडे कसे पाहिले याचा इतिहास म्हणून. दगडाचा इतिहास वाम्पानोआग नावानेच सुरू झाला पाहिजे. हे लोक नामशेष झालेले नाहीत. अक्विना वाम्पानोआगांना १९८७ मध्ये आणि मॅशपी वाम्पानोआगांना २००७ मध्ये संघराज्य सरकारची मान्यता मिळाली. दीडशे वर्षे बोलली न गेलेली त्यांची भाषा जेसी लिटल डो बेअर्ड यांच्या प्रयत्नांतून मुलांच्या तोंडी पुन्हा आली आहे. मेन राज्यात मचायसपोर्टच्या कोरीव खडकांची जमीन २००६ मध्ये पासामाक्वाडी लोकांकडे परत गेली, म्हणजे असे करता येते याचा दाखलाही आहे. बॉस्टनला येणाऱ्या मराठी प्रवाशाने डायटन रॉक स्टेट पार्कला जरूर जावे, संग्रहालयाच्या वेळांची आधी चौकशी करून जावे. आणि तिथे ‘हे कोणी कोरले?’ असे कोणी विचारले, तर चार नावांची यादी देण्याऐवजी एकच नाव स्पष्टपणे सांगावे.