सेन्सरवरची धूळ : पुसण्याआधी एकदा वाचा



आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे लेन्स बदलता येणारा एखादा कॅमेरा असतोच. कुणी पहिल्या बोनसमधून घेतलेला, कुणी मुलाच्या बारशाच्या निमित्ताने. आणि कतारमध्ये असा कॅमेरा असला की आज ना उद्या फोटोतल्या आकाशात करडे ठिपके दिसायला लागतातच. ते ठिपके कशामुळे येतात, कसे घालवायचे आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, यावर आज थोडं सविस्तर लिहितोय. मी काही फोटोग्राफीतला तज्ज्ञ नाही, पेशाने पाइपिंगवाला. पण या विषयात एकदा हात चांगले पोळून घेतलेत, तेवढा अधिकार आहे असं समजा.

झालं असं. २०१६ च्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे नजमाला आली होती. गुडघ्यांचं दुखणं असूनही हट्टाने आली. एका शुक्रवारी तिला घेऊन झेकरीतला गेलो. तिथल्या वाळवंटात रिचर्ड सेरा यांनी २०१४ मध्ये उभारलेल्या चार उंचच उंच पोलादी पट्ट्या आहेत, त्या बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. एका पट्टीशेजारी आई नऊवारीत उभी, मागे मोकळं आकाश. मी मनातून जाम खूश. वाऱ्यात उभ्याउभ्या दोनदा लेन्सही बदलली. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडले, तर प्रत्येक फोटोत त्याच जागी सात-आठ ठिपके. एका फोटोत तर कॅमेरा उभा धरला होता, त्यात नेमका एक ठिपका आईच्या गालावर!

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी काय केलं? बाथरूममधली कान कोरायची कापसाची काडी घेतली, आरसा वर केला आणि आतली काच 'हलकेच' पुसली. ठिपके गेले नाहीतच, वर एक तिरपी रेघ आली. पुन्हा पुसलं, दोन रेघा झाल्या. शेवटी कॅमेरा दुरुस्तीला दिला. सेन्सरपुढची फिल्टरची काच बदलावी लागेल असं सांगितलं. खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आणि वेळ सहा आठवडे. तोवर आई साताऱ्याला परतली होती. तिच्या राहण्यातले उरलेले दिवस त्या वेळच्या साध्या मोबाइलवर जेवढे आले तेवढेच. गुडघ्यांमुळे ती पुन्हा इकडे येऊ शकली नाही.

ठिपका नक्की कुठे असतो?

माझे एक मामा साताऱ्यात स्टुडिओत कामाला होते. प्रिंटवर धुळीचे पांढरे डाग आले की ते बारीक कुंचल्याने शाई लावून एकेक बुजवत बसायचे. पण फिल्मच्या काळात एक सोय होती. प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे यायचा, त्यामुळे एका चौकटीवरची धूळ बहुतेक वेळा तिच्याबरोबरच निघून जायची. डिजिटलमध्ये सेन्सर एकच. आज बसलेला कण उद्याच्या, परवाच्या आणि पुढच्या वर्षीच्या फोटोतही तिथेच.

दुसरी गोष्ट, 'सेन्सर साफ करणं' असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्ष सेन्सरला आपला हात लागतच नाही. त्याच्यापुढे फिल्टरची पातळ काच असते, धूळ बसते ती तिच्यावर. ही काच आणि सेन्सर यांच्यात थोडं अंतर असतं. लेन्सचं छिद्र मोठं असेल, म्हणजे एफ २.८ वगैरे, तर प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि कणाची सावली पसरून दिसेनाशी होते. छिद्र एफ १६ इतकं बारीक केलं की सावली ठळक पडते. म्हणूनच वाळवंट, समुद्र, कॉर्निशवरून दिसणारी टॉवर्सची रांग असे फोटो काढताना ठिपके हटकून दिसतात. छिद्र बारीक आणि आकाश सपाट. घरातल्या वाढदिवसाच्या फोटोत तीच धूळ असते, पण दिसत नाही.

एक नेहमीचा गोंधळ इथेच सांगून टाकतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात डोळा लावल्यावर जे ठिपके दिसतात, ते फोटोत येत नाहीत. ती धूळ आरशावर किंवा वरच्या काचेवर असते. ती पुसायच्या भानगडीत मुळीच पडू नका. या आरशाचा मुलामा आपल्या घरच्या आरशासारखा मागे नसून पुढच्या बाजूला असतो आणि जरासं घासलं तरी ओरखडा पडतो.

कतारची धूळ वेगळी का?

आपण महाराष्ट्रातून येतो ते बुरशीची भीती घेऊन. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून आपण कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांत जपतो. इथे मुख्य शत्रू बदलतो. जून-जुलैत शमाल सुटला की खिडकी बंद असूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. शमाल म्हणजे अरबीत उत्तर, वारा येतो वायव्येकडून. आमच्या नजमातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये विंडो एसीच्या फटीतून येणारी धूळ पाहिली की पटतं.

या धुळीत चुनखडीचे मऊ कण असतात तसे गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचेही असतात. कठीणपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्झ ७ आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे कण काचेपेक्षा कठीण. तो काचेवर असताना कोरडं पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. माझ्या कापसाच्या काडीने नेमकं हेच केलं. कापूस मऊ होता हो, पण कापसाखाली वाळू होती.

त्यात दमटपणाची भर. ऑगस्ट-सप्टेंबरात एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर नेला की क्षणात सगळं धुरकटतं. अशा वेळी लेन्स काढली तर आतही दव धरतं आणि ओल सुकताना धूळ काचेला चिकटून बसते. मग ती नुसत्या हवेने निघत नाही. उपाय साधा आहे. बाहेर पडण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा. अर्धा तास तरी जाऊ द्या.

आधी तपासा

उगाच साफ करू नये. आधी धूळ आहे का, किती आहे आणि कुठे आहे ते पाहा.

१) आयएसओ १००, छिद्र एफ १६ किंवा २२. लेन्सचा फोकस हाताने बिघडवून ठेवा.
२) पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवा. भिंतीवरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरची धूळ मात्र जागच्या जागी राहील.
३) फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहा, कॉन्ट्रास्ट वाढवा.

ठिपका फोटोत वर डावीकडे असेल, तर कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहताना तो खाली डावीकडे असतो. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तेच राहतं.

सगळेच ठिपके धुळीचे नसतात. कडा ठळक आणि मध्ये उजळ असा गोल डाग असेल तर तो तेलाचा असू शकतो. निकॉनचं २०१२ चं डी६०० हे मॉडेल अशा डागांसाठी बरंच गाजलं. २०१४ मध्ये कंपनीने त्याची तपासणी, सफाई आणि गरज पडल्यास शटर बदलून देणं विनामूल्य केलं. तेल हवेने उडत नाही, हे लक्षात ठेवा.

मग पायरी-पायरीने

पहिली पायरी : कॅमेऱ्याची स्वतःची सफाई. ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ या मॉडेलात सेन्सरपुढची काच कंप पावून धूळ झटकण्याची सोय आणली. पुढे इतरांनीही ती घेतली. मेनूत जाऊन ती दोन-तीनदा चालवा. सुटी धूळ बरीचशी इथेच जाते.

दुसरी पायरी : रबरी ब्लोअर. मागच्या बाजूला झडप असलेला घ्या, म्हणजे समोरून शोषलेली धूळच परत फेकली जात नाही. वापरण्याआधी पाच-सहा वेळा बाहेर दाबून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मेनूतला सेन्सर-सफाईचा पर्यायच निवडा. 'बल्ब'वर शटर उघडं धरायची जुनी युक्ती नको, बोट सुटलं की आरसा आणि पडदा खाली येतात. कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, ब्लोअरचं टोक लेन्सच्या कड्याच्या आत न नेता आठ-दहा वेळा दाबा. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर समोरच उघडा असतो. काही मॉडेलांत, उदाहरणार्थ कॅननच्या २०१८ च्या ईओएस आर मध्ये, कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे येतो. त्या पडद्यावर हवा मारू नका, तो फार नाजूक असतो.

फुंकर मारायची नाही. कितीही जपलं तरी थुंकीचा बारीक शिंतोडा उडतोच. कॉम्प्युटर साफ करायचे हवेचे डबेही नकोत, त्यातला द्रव बाहेर येऊन काचेवर गोठतो.

पुन्हा चाचणीचा फोटो काढा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा काम इथेच संपतं. कोपऱ्यात एखादा ठिपका उरला तर राहू द्या. कॉम्प्युटरवर तो एका क्लिकमध्ये जातो. मामांच्या शाई-कुंचल्याचं काम आता तिथे होतं.

तिसरी पायरी : ओली सफाई. चिकटलेली धूळ किंवा तेल असेल तरच, आणि ब्लोअर मारून झाल्यावरच. स्वॅब आपल्या सेन्सरच्या मापाचा हवा. एपीएस-सी साठी साधारण १६ मि.मी., फुल फ्रेमसाठी २४. त्यावर सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रवाचे दोन थेंब टाका, दहा सेकंद मुरू द्या. एका कडेवर टेकवून न उचलता, न थांबता हलक्या दाबाने दुसऱ्या कडेपर्यंत न्या. स्वॅब उलटा करून दुसऱ्या बाजूने परत या. संपलं. तो स्वॅब टाकून द्या. 'अजून चांगला दिसतोय' म्हणून तोच पुन्हा फिरवायचा मोह आवरा, त्याला वाळू लागलेली असते.

हे काम गालिच्याच्या खोलीत किंवा पंख्याखाली नको. आमच्याकडे बाथरूम हीच जागा ठरली आहे. गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसू द्यायची, वाफ पूर्ण गेली की दार लावून काम. एक्झॉस्ट बंद.

आणि हो, काही सफाई-द्रव मिथेनॉलचे असतात. मिथेनॉल विषारी आणि पटकन पेट घेणारं असल्यामुळे विमानाच्या सामानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. तेव्हा मुंबईहून येणाऱ्या भावोजींच्या बॅगेत बाटली घालायला सांगू नका. बिनअल्कोहोलचे द्रवही मिळतात, लेबल वाचून घ्या. घरातलं स्पिरिट, चष्म्याचा स्प्रे, कोलोन यातलं काहीही चालणार नाही.

हात थरथरत असेल किंवा मन धजत नसेल, तर सरळ सर्व्हिस सेंटरला द्या. देताना विचारा की ओली सफाई इथेच करता की बाहेर पाठवता? घेताना तिथेच भिंतीचा एक फोटो एफ १६ वर काढून पाहा. यात लाज कसली? गाडी घेताना आपण बॉनेट उघडतोच ना.

खरी सफाई म्हणजे धूळ आत न जाऊ देणं

झेकरीत किंवा सीलाइनला जाताना घरूनच एक झूम लेन्स लावून निघा आणि दिवसभर काढू नका. बदलावीच लागली तर गाडीत बसा, काचा वर, एसीचा पंखा बंद, कॅमेरा बंद, तोंड खाली. दुसरी लेन्स आधी तयार ठेवा. लेन्सची मागची बाजू आणि झाकण पुसून ठेवा, आतली बरीच धूळ त्यांच्याबरोबर जाते. बॅग महिन्यातून एकदा व्हॅक्यूम करा. एवढं पाळल्यापासून मला ओली सफाई वर्षातून एकदाही लागेलच असं नाही.

झेकरीतले ते फोटो मी नंतर एकेक करून नीट केले. गालावरच्या ठिपक्याचा फोटो मात्र दुरुस्त करायच्या आधीच बहिणीने साताऱ्यात मोठा करून घेतला होता आणि फ्रेम लावली होती. मी म्हटलं, "आई, चांगला साफ केलेला पाठवतो, तो बदलून टाक." तर म्हणाली, "राहू दे रे. तीट लावल्यासारखी दिसतेय, दृष्ट नाही लागणार."

फ्रेम अजून तिथेच आहे. तुम्ही मात्र कापसाची काडी कानासाठीच ठेवा.

आपला,
एक नजमाकर

ता.क. : सुट्टीवर निघायच्या आदल्या रात्री सेन्सर साफ करायला घेऊ नका. चाचणीचा फोटो आठवडाभर आधी काढा, म्हणजे काही बिघडलंच तर सावरायला वेळ हाताशी राहतो.