चंद्राचा महिना, सूर्याचा दिवस

मराठीत रूढ झालेला ‘रोजा’ हा शब्द फारसी असून त्याच्या मुळाशी ‘रोज’ म्हणजे दिवस हा शब्द आहे. अरबीत याच व्रतासाठी ‘सौम’ हा शब्द आहे आणि त्याचा धात्वर्थ आवरून धरणे, थांबणे असा आहे. रमजानच्या उपवासाची चर्चा बहुधा भुकेच्या अंगाने होते. परंतु त्याचे शास्त्र पाहू लागले की भुकेपेक्षाही काळाचा विचार त्यात किती बारकाईने केला आहे हे जाणवते, आणि या व्रताचे वेगळेपण खरे तर तेथेच आहे.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. 624 मध्ये, मदिनेत रमजानचे रोजे अनिवार्य झाले. त्यापूर्वी मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशूराला, उपवास केला जात असे. ‘अल्‌-बकरा’ या सूरेतील 183 ते 187 या आयतींत रोज्याचे मुख्य नियम आले असून, पूर्वीच्या समाजांनाही हे व्रत सांगितले होते आणि त्याचा हेतू ‘तकवा’, म्हणजे ईश्वराची जाणीव ठेवून संयमाने वागणे, हा आहे, असे तेथे म्हटले आहे. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्यास मुभा आहे. हे धागे म्हणजे क्षितिजावरचा उजेड आणि अंधार. फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, पहाटेचेही दोन भेद केले: आकाशात उभा चढणारा आणि पुन्हा मावळणारा उजेड ही ‘सुबह काजिब’, खोटी पहाट, आणि क्षितिजाला समांतर पसरत जाणारा उजेड ही ‘सुबह सादिक’, खरी पहाट. रोजा सुरू होतो तो या दुसऱ्या उजेडाने. व्रताच्या ‘नियत’लाही, म्हणजे संकल्पालाही, वेळेचे बंधन आहे. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई परंपरेचे असल्याने त्यांना रमजानमध्ये प्रत्येक रोज्याचा संकल्प पहाटेपूर्वीच करावा लागतो, तर हनफी परंपरेत तो मध्यान्हापूर्वीपर्यंत केला तरी चालतो.

दिवस असा सूर्याने आखला, तरी महिना मात्र चंद्राचा आहे. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. ही तूट भरून काढण्यासाठी भारतीय पंचांगात साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास धरतात, म्हणून श्रावण पावसाळा सोडून जात नाही. इस्लामपूर्व अरबांतही ‘नसी’ नावाने महिने पुढे ढकलण्याची चाल होती. कुराणाच्या ‘तौबा’ सूरेने ती निषिद्ध ठरवली. परिणामी रमजान ऋतूंमधून मागे सरकत जातो आणि सुमारे 33 वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. 2030 मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात सुरू होईल. ‘रमजान’ हा शब्द प्रखर उष्णतेच्या धातूपासून आला असला, तरी शेतमजूर असो वा हमाल, दीर्घायुष्य लाभलेल्या माणसाच्या वाट्याला वैशाखातले कोरडे रोजे येतात तसेच पौषातले आखूड रोजेही येतात. भूगोलावर मेहेरबानी न करणारी ही वाटणी मोठी न्यायाची आहे.

हा फिरता महिना मराठी कारभारालाही परका नव्हता. पेशवेकालीन मोडी पत्रांत ‘छ’ या खुणेपुढे चांद्र तारीख आणि त्यापुढे साबान, रमजान, सवाल अशी मराठी वळणाची महिन्यांची नावे सर्रास आढळतात. आजही मुंबईत शाबानच्या, म्हणजे रमजानआधीच्या महिन्याच्या, 29 तारखेला मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, चंद्रदर्शनाची वाट पाहिली जाते. चंद्र न दिसल्यास महिना तीस दिवसांचा धरतात. दाऊदी बोहरा समाज मात्र फातिमी परंपरेचे गणिती कॅलेंडर पाळत असल्यामुळे त्याचा रमजान बहुधा एकदोन दिवस आधीच सुरू होतो.

इफ्तारच्या वेळी, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडताना, दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, फळांच्या फोडी, भजी आणि सरबताचे पेले मांडलेले असतात. घरातील सर्वजण भोवती बसतात, खजूर हातात घेतलेला असतो, तरी अजान ऐकू येईपर्यंत तो ओठांपर्यंत जात नाही. दिवसभराच्या उपासापेक्षा या शेवटच्या दोन मिनिटांत ‘सौम’चा अर्थ अधिक स्पष्ट दिसतो, कारण अन्न समोर असते आणि अडवणारे बाहेरचे कोणी नसते. विसरून काही खाल्ले गेले तर रोजा मोडत नाही. जाणूनबुजून खाल्ले तर मोडतो.

आजारी आणि प्रवासी यांना राहिलेले रोजे पुढे भरून काढण्याची, म्हणजे ‘कजा’ची, सवलत आहे. ज्यांना ते कधीच शक्य होणार नाही, त्यांनी प्रत्येक दिवसाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे, हा ‘फिदया’. ईदपूर्वी द्यावयाचा ‘फितरा’ तर धान्याच्या मापातच सांगितलेला आहे: खजूर किंवा जव एक ‘साअ’, म्हणजे सुमारे अडीच ते तीन किलो, तेही घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा. तो ईदच्या नमाजापूर्वी पोचला पाहिजे, म्हणजे घेणाऱ्याच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याचा चंद्र दिसला की महिनाभर रोज रात्री होणारी तरावीहची जादा नमाज त्या रात्री होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी, ईदला, रोजा ठेवणे निषिद्ध असते.