पंप चालू आहे काय?

मुंबईत नळाला पाणी ठराविक वेळीच येते. तानसा, भातसा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून आलेले हे पाणी गिरगाव, परळ, लालबाग येथील उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत आपल्या जोरावर चढत नाही. म्हणून ते तळाच्या टाकीत साठवून विजेच्या पंपाने गच्चीवरील टाकीत चढवितात. पंप तळाशी, माणसे चौथ्या मजल्यावर! पंप बंद राहिला, तर नळ कोरडे. चालूच राहिला, तर गच्चीवरून पाण्याचा पाट. तळाची टाकी आटल्यावरही तो फिरत राहिला, तर तापून बिघडतो.

पंपाच्या बटणापासून तारा वर नेऊन तांबडा दिवा लावावा, हा सहज सुचणारा उपाय. तो सोपा खरा. पण हा साक्षीदार पुरता भरवशाचा नव्हे. पंपाकडे जाणारी तार तुटली, तरी दिवा आपला जळतच राहतो. वीज बटणापर्यंत पोचली, एवढेच त्याला ठाऊक!

साक्ष घ्यावयाची ती पंपातून जाणाऱ्या प्रवाहाची. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची आपली दिशा सोडते, हे डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने १८२० साली दाखविले.

तुम्हीही हे करून पाहा. मात्र घरातील वीज २३० व्होल्टची, म्हणजे जीवघेणी. तिच्या वाटेस जाऊ नका. दोन सेल, बटण, लहान दिवा, खेळण्यातील मोटार व होकायंत्र पुरे. सेलच्या एका टोकाला बटण जोडा. दिव्याची एक तार बटणाच्या पुढे व दुसरी सेलच्या उरलेल्या टोकाला लावा. मोटारही तशीच जोडा. पण तिची एक वेष्टित तार लांब घेऊन शेजारच्या खोलीतील होकायंत्राभोवती पाच-सहा वेढे देऊन आणा. वेढे सूचीच्या उत्तर-दक्षिण रेषेतच असावेत. मोटारीतही चुंबक असतो, म्हणून होकायंत्र तिच्यापासून दूरच बरे.

बटण दाबताच दिवा लागेल, मोटार फिरेल व सूची बाजूला वळेल. आता मोटारीजवळची एक तार सोडवा. दिवा जळतोच आहे. सूची मात्र उत्तरेकडे परतली!

तार पुन्हा जोडून मोटारीचा दांडा क्षणभर बोटांनी थांबवा. सूची अधिकच वळेल, कारण अडलेली मोटार जास्त प्रवाह ओढते. म्हणजे सूचीलाही प्रवाहच कळतो, फिरणे नव्हे. मग पाणी चढल्याचे तिला कोठून कळणार? त्यासाठी काही ठिकाणी टाकीत तरंगता गोळा सोडून त्याची दोरी कप्पीवरून बाहेर आणतात व तिच्या टोकाला वजन बांधतात. ते वजन खाली उतरू लागले, म्हणजे आत पाणी चढू लागले.