बालकाची क्रीडाभूमी आणि दृश्यपडदा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील वैद्यांना ‘मूल जेवत नाही’, ‘उशिरा बोलते’, ‘अभ्यासात लक्ष नाही’ या तक्रारी नित्याच्या आहेत. पालक बहुधा ब्राह्मी-शंखपुष्पीचे सिरप मागतात. ते देण्यापूर्वी मूल दूरचित्रवाणी, संगणक वा मोबाइलपुढे किती वेळ असते, हे विचारणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी व्याधींच्या त्रिविध हेतूंमध्ये असात्म्येंद्रियार्थसंयोग सांगितला आहे. अतितेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग. अतिनिकटचे वा भयानक दृश्य पाहणे हा मिथ्यायोग. पडद्यापुढील बालकाच्या ठायी दोन्ही संभवतात. बालक वस्तू हाताळून, पडून-उठून आणि आईच्या प्रत्युत्तरातून शिकते. पडदा त्याच्या बोबड्या शब्दाला उत्तर देत नाही. दोन वर्षांखालील मुले पडद्यापेक्षा प्रत्यक्ष माणसाकडून अधिक शिकतात, असे आधुनिक अभ्यासही दर्शवितात. पडद्यापुढे भरविल्यास मन लावून जेवण्याचा आहारविधीही मोडतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात खेळणी रंगीबेरंगी, नाद करणारी, हलकी, बोथट आणि तोंडात न जाणारी असावीत, असे सांगितले आहे. अष्टांगसंग्रहात समतल, दगड-शस्त्रविरहित क्रीडाभूमी वर्णिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या बालकांना दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी. दोन वर्षांपूर्वी पडदा नको आणि दोन ते चार वर्षांत तो एका तासाहून अधिक नको.

फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेल्या आपल्या दाट वस्तीच्या नगरात ही क्रीडाभूमी आणावी कोठून? आईवडील लोकलने कामावर जातात. मुलाला गुंतवून ठेवण्यास पडदा सोयीचा वाटतो. त्यामुळे केवळ दोष देऊन भागणार नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये ग्रामस्थांनी एकत्र निर्णय घेतला. सायंकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद! असा नियम एखादी इमारत वा चाळही करू शकेल.

वैद्यांनी केसपेपरवर आहार-निद्रेसोबत पडद्याचा काळही नोंदवावा. जेवताना व निजण्यापूर्वी पडदा वर्ज्य सांगावा. गच्चीवर, अंगणात खेळण्याची वेळ ठरवून द्यावी. औषधविक्रेत्यांनी मेध्य कल्प केवळ मागणीवरून न देता पालकांस वैद्यांकडे पाठवावे. वाचाविलंब असल्यास श्रवणचाचणी अवश्य करवून घ्यावी. सारा दोष पडद्यावर टाकल्यास एखाद्या बालकाचे बहिरेपण अनिदानित राहील.