टाकी काढली, पुढे काय?

पेट्रोल पंपाच्या आवारात आपण उभे असतो तेव्हा आपल्या पायाखाली हजारो लिटर इंधन साठवलेले असते. जमिनीत पुरलेल्या पोलादी टाकीला कालांतराने गंज चढतो, नळांचे सांधे सैल होतात आणि इंधन झिरपू लागते. अमेरिकेत अशा गळत्या इतक्या आढळल्या, की १९८४ साली कायद्यात खास तरतूद करावी लागली. जुन्या टाक्या सुधारण्यासाठी, बदलण्यासाठी वा बंद करण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत ठरली.

पण टाकी उपसून काढली की काम संपते का? नाही. झिरपलेले पेट्रोल तेथेच राहते. त्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटतो, तर काही वाफ होऊन मातीतील पोकळ्यांत शिरतो. भूजलापर्यंत पोचलेले पेट्रोल हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते. मात्र त्यातील बेंझीन थोडे थोडे विरघळून पाण्याबरोबर वाहू लागते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरला केवळ ५ मायक्रोग्रॅम आहे. आता गणित करून पाहू. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरले, तर एका लिटरात ते १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम असते. एवढे बेंझीन सुमारे साडेसतरा लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते!

इतके सूक्ष्म प्रमाण नाकाने किंवा डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून टाकी निघाल्यावर खड्ड्याच्या तळातून आणि नळांच्या सांध्यांखालून मूळ मातीचे नमुने घेतात. बेंझीन चटकन उडून जाते. त्यामुळे बाटलीत हवेची पोकळी न ठेवता नमुना घट्ट बंद करून बर्फात ठेवतात. ही काळजी घेतली नाही, तर दूषित मातीही प्रयोगशाळेत 'स्वच्छ' ठरेल, आणि त्या चुकीची किंमत शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला मोजावी लागेल.

भूजलासाठी निदान तीन निरीक्षण विहिरी खोदतात. तीनच का? तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते, हे आपण भूमितीत शिकवतोच. तिन्ही विहिरींतील पाण्याची पातळी मोजली, की पाण्याचा उतार, म्हणजेच प्रदूषण जाण्याची दिशा कळते. विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसतात आणि मग ताज्या पाण्याचा नमुना घेतात. गॅस क्रोमॅटोग्राफीने त्यातील घटक वेगळे करून मोजतात. नमुन्यांसोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही जाते. तिच्यात बेंझीन सापडले, तर ते वाटेत किंवा प्रयोगशाळेत शिरले, हे समजते.

काय तपासायचे, हेही आधी ठरवावे लागते. पेट्रोल अधिक पूर्ण जळावे म्हणून अमेरिकेत त्यात एमटीबीई मिसळत असत. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि म्हणून दूरवर जाते. ते आढळल्यामुळे कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ साली विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा गेला.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. दोन काचेच्या पेल्यांत वाळू भरा व निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला. एकात काठाने मोहरीचे तेल ओता, दुसऱ्यात पोटॅशियम परमँगनेटचे काही स्फटिक टाकून वरून थेंब थेंब पाणी सोडा. तेल वरच अडकते, जांभळा रंग मात्र खाली पसरतो. आता विद्यार्थ्यांना विचारा : वरची वाळू काढून टाकली, तर पेला स्वच्छ झाला का?